पाटलाच्या पायरीखालचा देव

अकोल्याच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला आणि आमच्या पाटलाला देवाची जमीन दिसू लागली. तोवर त्या काळ्या पट्टीकडे तो ढुंकूनही पाहत नव्हता. बार्शीटाकळीजवळच्या आमच्या गावात मी महादेवाचा गुरव. देवाच्या दिव्यासाठी कुण्या जुन्या राजाने दिलेलं ते शेत आमच्या पिढ्या कसत आल्या. पुरावा एकच, देवळाच्या दाराशी उभी असलेली शिळा. वर चंद्र-सूर्य, खाली अक्षरं. बायाबापड्यांनी तिलाच देव मानून तेल-शेंदराची इतकी पुटं चढवली होती की कुणाला काही वाचता येत नव्हतं.

मोजणीचा साहेब आला, तेव्हा पाटलाने शेत आपलं म्हणून सांगितलं. साहेबाने माझ्याकडे पुरावा मागितला. मी शिळा वाचायला अकोल्याहून शास्त्री बोलावला. तो यायच्या आदल्या दिवशी शिळा गायब! शेत पाटलाच्या नावावर चढलं. त्याने तिथे कापूस पेरला, नवं घर बांधलं. मी दिव्यासाठी दारोदार तेल मागत फिरलो. त्याच्याही दारी गेलो. त्याने हसत पळीभर तेल घातलं. ते हसू मी गिळलं, पण पचवलं नाही.

वैशाखात त्याच्या लेकीचं लग्न निघालं. पत्रावळी पोचवणं आणि सनई वाजवणं गुरवाकडेच. दुपारी पत्रावळींचा भारा घेऊन गेलो, तर त्याच्या नव्या पायरीच्या कडेने तांबडं तेल पाझरत होतं. बोट लावून हुंगलं. शेंदूर! मला इतका आनंद झाला की भारा हातातून सुटला. शिळा पालथी बसवली होती, पण शेंदूर खरवडायची छाती ना त्याची झाली, ना गवंड्याची. देवाचा शेंदूर गुरवाशिवाय कुणी उतरवत नाही. देव चोरायला मात्र हरकत नव्हती.

मी पत्रावळी गोळा करून आत पोचवल्या. संध्याकाळी वरात दारात आली. विहीणबाईंनी पाय उचलला, तोच मी सनई ठेवली, पायरीवर पाणी घातलं, बेल वाहिला आणि आडवा झालो.

“कावून बे गुरवा, येडा झाला काय?” पाटील ओरडला.

“देवाले पायरी तुमी केलं,” मी म्हणालो. “इहीनबाई, पाय देऊ नका. खाली आमचा महादेव हाये.”

विहिणीने पाय मागे घेतला. व्याह्यांनी पहार मागवून पायरी उलटवली. चंद्र-सूर्य वर आले, सगळ्यांनी पाहिले. पाहुणे गोठ्याच्या दारातून, शेण तुडवत आत गेले.

पाटील कच्चा नव्हता. हललेल्या देवाचं विसर्जन करावं लागतं म्हणत त्याने दुसऱ्याच दिवशी वाजतगाजत शिळा काटेपूर्णेच्या डोहात सोडली. अक्षरं बुडाली, शेतही गेलं.

मग मीही धर्मच पाळला. जिथे देव बसला ती जागा देवाची. दर सोमवारी त्याच्या दारात जाऊन त्या रिकाम्या खड्ड्यावर पाणी घालायचो, बेल वाहायचो. तो ओलांडायची कुणाची टाप नव्हती. नवी पायरी बसवायला गवंडी मिळेना. घरातली सारी माणसं गोठ्यातून ये-जा करू लागली.

एकदा त्याने हात जोडले. “गुरवा, आता बस कर ना.”

“देवाचं वावर देऊन टाका,” मी म्हणालो.

त्याने दिलं नाही. पुढे तो मेला, तेव्हा त्याची तिरडीही गोठ्यातूनच, बैलांमधून वाट काढत निघाली. त्या दिवशी सोमवार नव्हता. तरी मी बेल घेऊन त्याच्या दारासमोर बसलो होतो.