आईने काढून घेतलेले बोंबील

आधीच सांगते, मी मीरा रोडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी कशावरच विश्वास ठेवत नाही. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी सरळ उठून चहा टाकायला जाते... आणि आज मीच हे लिहितेय.

आमचं घर उत्तनला, किनाऱ्यालगत. पप्पांची मासेमारीची बोट. धाकटा भाऊ नेल्सन मात्र पायलट व्हायला निघाला होता. लांब एका डोंगराळ गावी छोट्या विमानावर त्याचं ट्रेनिंग चालू होतं. आई त्याला चिडवायची, "पाण्याला भिलास नि वर पलालास!"

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मला सुट्टी होती. भर दुपार, आकाश एकदम निळं. बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत होते. आई एकाएकी ओरडली, "पावस येतंय! काढा सगलं!"

शेजारची फिलूमावशी हसायलाच लागली. "रोझीबाय, ऊन लागलं काय गो?"

आई कसली ऐकतेय! अर्धवट वाळलेले बोंबील तिने ओरबाडून टोपलीत भरले. मग घरातल्या वायरलेसवरून आमच्या आळीतल्या सगळ्या बोटींना माघारी बोलावलं. पप्पा रिकामी जाळी घेऊन आले, जाम वैतागलेले. "कुठं हाय तुझा पावस?"

एक थेंब पडला नव्हता. मी आईला पाणी द्यायला गेले, तर तिचा पदर चिंब ओला. समुद्राचं पाणी असेल म्हणून ओलं बोट जिभेला लावलं... खारट लागलंच नाही.

संध्याकाळी फोन आला. नेल्सनचं विमान ढगात शिरलं आणि डोंगरावर आदळलं. दुपारीच... आई ओरडली त्याच सुमारास. तिकडे अचानक पाऊस कोसळला, हवा बिघडली होती. त्याने वेळीच परत फिरायला हवं होतं, असं सगळे सांगतात. अहो, कळतं आम्हाला! पण आता बोलून तो येणारे का?

त्या पदराबद्दल मी लॅबमधल्या डॉक्टरांना विचारलं, चर्चमधल्या फादरना विचारलं.

आई त्या पदराचं नावसुद्धा काढत नाही. बोंबील टांगता टांगता मध्येच हात थांबवते आणि म्हणते, "सगल्यांना माघारी बोलावलं गो मी. माझ्या पोराला फोन लावायचं सुचलंच न्हाय."