पाताळभाऊ आणि लाल थर

पाताळभाऊंचा धंदा बोअर मारण्याचा. जमिनीला साडेसहा इंचांचं भोक पाडायचं आणि पाणी लागेपर्यंत खाली जात राहायचं, हे काम ते एकोणतीस वर्षं करत आले होते. त्यांचं खरं नाव आता कागदोपत्रीच उरलं होतं. एका हट्टी गिऱ्हाइकासाठी ते एकदा नऊशे फूट खाली गेले, तरी पाण्याचा टिपूस नाही. तेव्हा बघ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "भाऊ, पाताळात पोचलाच आहात, आता तिथल्यांनाच विचारा!" ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच.

कॉम्प्रेसरच्या धडधडाटाने त्यांचा उजवा कान कामातून गेला होता. त्यांची बायको शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायची. गाडीत ते तिच्या शेजारी बसले की ती नेमकी त्यांच्या बहिऱ्या बाजूला यायची आणि तिचं निम्मं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतच नसे. "आमचा संसार टिकला तो यामुळेच," असं ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

त्यांना एकच लेक. लहानपणापासून तिला सगळे खडी म्हणत. पाताळभाऊ कामावरून आले की त्यांच्या पँटीच्या दुमडीतून दगडाचा चुरा सांडायचा. ही पोर तो गोळा करून रंगाप्रमाणे वाट्यांमध्ये लावत बसायची. काळा एका वाटीत, राखाडी दुसरीत, लाल तिसरीत.

"बाबा, जमिनीच्या खाली काय असतं?"

"दगड."

"आणि त्याच्या खाली?"

"आणखी दगड. जेव आता."

तीच खडी बारावी झाली आणि भूशास्त्र शिकायला जाते म्हणाली. नातेवाईक चक्रावले. मामा तर तोंडावर म्हणाला, "दगड शिकायला चार वर्षं लागतात?" जन्मभर आपण धूळ खाल्ली आणि पोरगीही धुळीकडेच निघाली, याची पाताळभाऊंना आत कुठेतरी टोचणी होती. आपल्या पँटीची दुमडी वेळेवर झटकली असती तर पोर औषधांच्या दुकानात, गार सावलीत बसली असती, असंही एकदोनदा मनात येऊन गेलं.

कॉलेज सात तासांवर होतं. बायकोने व्हॅनमधली मागची दोन बाकडी काढली, त्या जागी गादी, बादली, टेबलपंखा आणि पुस्तकांची खोकी रचली आणि उजाडता उजाडता तिघं निघाली. बाई व्हॅन चालवायची ती गाडीत चाळीस पोरं भरल्यासारखी. मागच्या लॉऱ्या हॉर्न वाजवून वाजवून थकत आणि पुढे निघून जात. ती आरशात बघून म्हणायची, "जा बाबा जा, तुझी शाळा भरली असेल."

तिसऱ्या तासाला रस्ता एका डोंगरात शिरला. रुंदीकरणासाठी डोंगर वरपासून खालपर्यंत उभा कापला होता आणि दोन्ही बाजूंना दगडाच्या भिंती उभ्या होत्या.

"आई, थांब! थांब!" खडी मागून ओरडली.

आईने कचकन ब्रेक दाबला, गाडी कडेला घेतली आणि सवयीने हात खणाकडे नेला. "पिशवी देऊ? उलटी होतेय का?"

"उलटी नाही गं! बाबा, खाली उतरा. हे बघा."

पाताळभाऊ उतरले. गुडघे आखडले होते, ते झटकत त्यांनी वर पाहिलं. खाली काळा कातळ, वरही काळा कातळ. आणि मध्ये, त्यांच्या छातीच्या उंचीवर, हातभर रुंदीचा लाल पट्टा. दोरी ताणून आखावा तसा तो डोंगराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता. रस्त्यापलीकडच्या भिंतीतही तो तसाच, त्याच उंचीवर.

ते जवळ गेले. चिमूटभर लाल माती नखाने खरवडली, तिला थुंकी लावली, अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं.

"हा तोच!" ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की बायकोही दचकली. "आपल्याकडे एकशे वीस फुटांवर लागतो. मेला चिकट. रॉड अडकवतो. हा आला की माझी माणसं शिव्या घालतात."

"हो ना? माझ्या लहानपणी तुमच्या पँटीतून सांडायचा त्यात असायचा."

"पण मला वाटायचं, इथेतिथे खड्ड्यात साठलेला असेल." त्यांची नजर पट्ट्यावरून सरकत सरकत दूर गेली. "हा तर संपतच नाही."

खडी त्यांच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. "बाबा, ती जमीन होती. वरची. आपण आत्ता उभे आहोत तशी. खालचा दगड वितळलेला रस होता, तो वाहत आला आणि थंड झाला. मग कित्येक वर्षं काहीच नाही. ऊन, वारा, पाऊस. दगड झिजून वर माती झाली. आणि मग पुन्हा रस आला, या मातीवरून वाहत गेला. विटा भाजाव्यात तशी माती भाजली. म्हणून लाल."

पाताळभाऊंनी ते सगळं ऐकलं. कानाने ऐकलं ते डोक्यात उतरायला जरा वेळ लागला.

"म्हणजे हे अंगण होतं?"

"तसंच समजा."

"कुणाचं?"

"कुणाचंच नाही. माणूस यायला अजून कोट्यवधी वर्षं होती."

आईने डोळ्यांवर हाताची सावली धरली. "आणि वर आभाळ असंच होतं?"

"आभाळ होतं, ढग होते. बघायला कुणी नव्हतं."

लॉऱ्या धाडधाड जात होत्या. पाताळभाऊंनी पंजा उघडून लाल पट्ट्यावर ठेवला. एकोणतीस वर्षांत किती बोअर मारले याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नव्हता, पण प्रत्येक वेळी ते या उन्हातल्या जमिनीतून आरपार गेले होते, आणि प्रत्येक वेळी म्हणाले होते, लवकर संपव रे बाबा. त्यांनी लेकीकडे पाहिलं. आपल्या डोळ्यांदेखत वाढलेली पोर, अजून वेणी धड घालता येत नाही, आणि हिला डोंगर वाचता येतो.

"तुला हे कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे. पण वाट्या तर तुम्हीच भरून दिल्यात ना."

पुढचे चार तास पाताळभाऊ खिडकीला चिकटून बसले. जिथे जिथे रस्त्याने जमीन कापली होती तिथे तिथे मान वळवून बघत. बायकोने दोनदा चहाचं विचारलं, त्यांना ऐकूच गेलं नाही, आणि या वेळी त्यात कानाचा काही दोष नव्हता.

दुपारी कॉलेज आलं. वसतिगृहात खोली तिसऱ्या मजल्यावर. दोन खाटा, दोन टेबलं, भिंतीवर आधीच्या कुणाच्या तरी चित्रांचे गोंदाचे डाग. सामान वर चढवताना आईने जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, फळ्या पुसल्या, पंख्याचं बटण चारदा लावून बघितलं. मग खडी म्हणाली, "बाबा, माझा विभाग बघता का?"

"मी काय बघणार तिथे? कपडे बघ माझे."

पण ते गेले. विभागाच्या व्हरांड्यात एक बाई भेटल्या. मोठ्या प्राध्यापिका होत्या, पण बुटांना धूळ पाताळभाऊंच्या बुटांएवढीच. खडीने ओळख करून दिली. "माझे बाबा. बोअर मारतात."

बाई थबकल्या. "किती वर्षं?"

"एकोणतीस."

"मग तुम्ही माझ्याबरोबर यायलाच हवं."

इमारतीच्या मागे पत्र्याची एक लांबलचक शेड होती. आत मांडण्यांवर मांडण्या, आणि त्यांवर लाकडी खोकी. बाईंनी एक खोकं ओढून उघडलं. आत दगडाचे गोल दांडे ओळीने निजवले होते, कंदिलाच्या काचेसारखे गुळगुळीत, मनगटाएवढे जाड. प्रत्येकावर खोलीचा आकडा.

"हे असंच निघतं?" पाताळभाऊंचा आवाज खाली आला होता. इतका खाली आलेला त्यांचा आवाज बायकोने लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला.

"रॉडच्या टोकाला कापायचा बिट असतो, तो पोकळ. कडा कापत जातो, मधला दगड अख्खा वर येतो."

"मी जन्मभर पीठ करून काढलं," ते म्हणाले. "हे अख्खं काढतात."

बाईंनी पाण्याची फवाऱ्याची बाटली घेतली आणि दगडांवर मारली. धुरकट राखाडी दांडे एकदम जिवंत झाले. काळ्यात हिरवे ठिपके, पांढऱ्या शिरा, आणि एका दांड्याच्या मधोमध तो लाल थर. त्या ओल्या लालीत केसासारख्या बारीक पांढुरक्या रेषा खाली उतरल्या होत्या, फाटे फुटत फुटत.

"ही मुळं असावीत, असं आम्हाला वाटतं," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना पटलेलं नाही अजून. हा तुकडा चारशे मीटर खालचा आहे."

त्यांनी तो काढून पाताळभाऊंच्या हातात दिला. पाताळभाऊंनी तो दोन्ही हातांत घेतला, तान्हं मूल घ्यावं तसा. कुठलं तरी झुडूप, नाव नाही, बघणारं कुणी नाही, ओलावा शोधत खाली गेलेलं. ओलावा शोधत खाली जाणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"मला एक सांगा," बाईंनी विचारलं. "पाणी लागणार हे तुम्हाला आधी कळतं का?"

"दहाएक फूट आधी. रॉडवर हात ठेवला की कळतं. कडक दगडात तो थरथरतो, दातात कळ जाते. पाण्याची भेग जवळ आली की थरथर भोंगळ होते. मग धूळ उडायची थांबते, ओल्या चुऱ्याचे गोळे पडायला लागतात."

"भोंगळ," बाईंनी वही काढून लिहिलं. "हे आमच्या पुस्तकात नाही."

खडी बाजूला उभी होती. सकाळी बापाने डोंगराकडे पाहिलं होतं, तशीच ती आता बापाकडे बघत होती.

निघायची वेळ झाली. आईने लेकीला घट्ट धरलं, मग पटकन व्हॅनमध्ये बसून आरसे नीट करत राहिली. पाताळभाऊंनी खिडकीतून हळूच सांगावं म्हणून सांगितलं, "जेवत जा वेळेवर!" आणि वसतिगृहाच्या तिन्ही मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. खडी हसली, रडली आणि हात हलवत राहिली.

पुढच्या आठवड्यात त्यांचं मशीन एका नवीन घरामागे लागलं. ऐंशी फुटांवर त्यांनी हात वर केला आणि मशीन थांबवलं. चाळणीत चुरा घेतला, बादलीत धुतला आणि उन्हात धरला. घरमालक धावत आला.

"काय झालं? पाणी लागलं?"

"नाही अजून."

"मग थांबलात कशाला?"

"लागेल पाणी," पाताळभाऊ चुऱ्यातून बोट फिरवत म्हणाले. "आपण कशातून चाललोय ते तरी बघू द्या."