खाली दार न्हाई असं घर

तुरुंग म्हण, टाकी म्हण, काय म्हणायचं ते म्हण वसंता. जागा माझी, भिंत माझी. तुझ्या बापाचं काय जातं?

आता वसंताचा बाप म्हणजे माझाच चुलता. आन् वसंता काय हितं बसलेला न्हाई, तो पाटणच्या डोंगरात आन् मी हितं आखातात, उम्म अल हस्सममधी चहाचा कप धरून. ठावं हाय मला. पर त्याच्याशी भांडल्याबिगर मला चहा उतरत न्हाई. माझी आई माझं नवंकोरं घर सोडून त्या वसंताच्या पडवीत राहतीय. का, तर माझ्या गाढवपणानं. रम्या, तू उद्या गावाला निघालाईस म्हणून सांगतो. बाकीच्यांनी पण ऐका, हसायचं तर हसा.

माझा साहेब तुम्हाला म्हायती हाय. स्कॉटलंडचा म्हातारा. मी त्याचा डायव्हर, रोज सकाळी त्याला रिफातनं उचलायचा, सीफला आपिसात सोडायचा. त्याची हिंदी लंगडी, माझी इंग्रजी लंगडी. गाडीत दोघी एकमेकीच्या खांद्यावर हात टाकून चालत्यात.

एक दिवस त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. हिरव्या माळावर दगडाचा एकच उभा ठोकळा. म्हणलं, "साहेब, ये क्या, पानी का टंकी?"

"मेरा घर," म्हणला. "दादा का दादा का दादा का."

मग त्याची कळी जी खुलली. खोलीवर खोली, असे चार मजले. भिंत एवढी जाड, की भिंतीच्या पोटात माणूस झोपंल अशी जागा कोरलेली. तळाला दगडी कमानीचं कोठार, त्याला खिडकी न्हाई, नुसती फट. आन् खाली दार न्हाई. दार पहिल्या मजल्यावर. शिडी लावायची, चढायचं, शिडी वर ओढून घ्यायची. आतला जिना गोल, चढताना उजवीकडं वळत जाणारा. म्हणजे काय, खालनं तलवार घिऊन येणाऱ्याचा उजवा हात मधल्या खांबाला अडतो आन् वरच्याचा मोकळा राहतो. वर आणि एक पायरी मुद्दाम उंच. घरच्याला ती ठावं असती, परका तोंडावर पडतो.

म्हणलं, "साहेब, एवढं कुणासाठी? इंग्रज?"

"इंग्रज कभी कभी. रोज का तो पडोसी. सरनेम भी सेम."

मी गाडी बाजूलाच घेतली. आडनाव एक, बांधाला बांध, आन् तलवारी. आवो, ही तर आमची भावकी! गोऱ्या लोकांत, सात समुद्रापल्याड.

त्याच आठवड्यात वसंता माझ्या आईला बोलला व्हता. आमच्या पत्र्याच्या पागोळ्या त्याच्या अंगणात पडत्यात म्हणून. आई आन् बायको तिथं, मी हितं स्टेरिंगवर. डोकं तापलेलंच. घर तर बांधायचंच व्हतं. लावला गवंड्याला फोन.

"खाली दार ठेवू नको."

"मग माणसं कुठनं जाणार?"

"म्होरं गोल जिना घे, दार वर पयल्या मजल्याला. वसंताच्या अंगाला खिडकी नको, फट पण नको. आन् एक पायरी वीतभर उंच ठेव."

"अण्णा, म्हातारी चढंल का?"

"तू गवंडी हाईस का डाक्टर?"

बिचाऱ्यानं बांधलं. साहेब रोज गाडीत पुढची हकिगत सांगायचा, "उसके बाद क्या हुआ," असं. पर उसके बाद ऐकायला कान मोकळा कुणाचा? कानात वायर घालून मी गवंड्यावर वरडतोय.

घर उभं राहिलं. पयल्याच आठवड्यात वरल्या आळीची बाई घागर घिऊन आली आन् विचारती, नळ कवा सोडणार? फ्रिज आणला, तो जिन्यात घुसंना. फटीतनं तर मांजर जाईना, फ्रिज कुठला? शेवटी तो ठेवला वसंताच्या पडवीत. बायको फोनवर म्हणली, "तुमच्या किल्ल्यात पाव्हणा म्हणून नुसती पाल येती." मला काय कळंना. मी म्हणलं, पाल पण नको, हाकल.

मग मी सुट्टीवर गेलो. छाती फुगवून, खांद्यावर बॅग घिऊन जिना चढाय लागलो. अर्धा चढलो आन् त्या उंच पायरीला ठेच लागली. बांधून घेतली कुणी, मी. पडलं कोण, मी. गोल गोल फिरत तळाला, पाय मुडपला, वर बॅग आडवी. बायको वरनं उतरती, पर त्या बॅगेपल्याड यायला तिला वाट न्हाई. मी बोंब ठोकली.

आला कोण? वसंता. आन् तवा मला आठवलं, वसंता डावखुरा हाय. त्या खांबानं त्याचा कुठला हात अडणार? डाव्या हातानं त्यानं बॅग उचलून वर बायकोकडं दिली, मला पाठीवर घेतलं आन् बाहीर आणलं. वर म्हणतो, "पायरी उंच हाय व्हय? सांगायचं की आधी."

त्यानं मला त्याच्या पडवीत आणून ठेवलं. तिथं फ्रिजच्या शेजारी आई बसलेली. अंथरूण, डबा, औषधं, सगळं तिथंच. मला कुणी फोनवर सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? वरडलो असतो.

"बस," आई म्हणली. "गार पाणी देऊ? आपल्याच फ्रिजातलं हाय."

"आई, हितं कशाला? वर घर बांधलंय तुझ्यासाठी."

"माझा कोण वैरी हाय बाबा, मी वर जाऊन बसू?"

पाणी प्यालो.

परत आलो, पायाला पट्टी बघून साहेबानं विचारलं. सगळं सांगितलं. आधी हसला, गाडी हालंस्तवर हसला. मग म्हणला, "तुमको बताया था." भांडण मिटलं तशी त्याच्या लोकांनी पयलं काम काय केलं? खाली भिंत फोडून दार पाडलं. मग खिडक्या मोठ्या केल्या. मग पोरं कटाळली आन् खाली सपाटीला साधं घर बांधून गेली. त्या चार मजल्यांत आता कावळे राहत्यात.

म्हणलं, "झगडा किस बात का था?"

"किसी को याद नहीं. दीवार है."

आन् आमचं कशाचं? पागोळ्यांचं भांडण, न्हाई का? आता वर स्लॅब हाय. पागोळ्या पडतच न्हाईत.

तवा दार पाडायचं ठरलंय. पर कुठं पाडणार? मागं दरड. पल्याड ओढा. म्होरं सगळा जिन्याचा गोल. उरली एकच भिंत, आन् ती उघडती वसंताच्या अंगणात. त्याच्या पायाखालची जागा. त्यानं हो म्हणलं तर आई खालच्या खोलीत राहाय येणार, न्हाई म्हणलं तर तिथं उंदीर नांदणार.

मी फोन करणार न्हाई. मला ठावं हाय, तिसऱ्या वाक्याला मी त्याच्या बापावर जाईन. म्हणून तू, रम्या. हसू नको. पोचलास की आधी आपल्या घरी न्हाई, वसंताकडं जा. त्याला म्हण, अण्णा तुझ्या अंगणात दार मागतोय. मागतोय म्हण, पाडतोय म्हणू नको. आन् तो हो म्हणला तर पयला हातोडा त्यालाच मारू दे.

चहा संपव, ऊठ, बॅग भर.