मामांचं मधलं बोलणं

कंडक्टरमामांना पुस्तक सरळ वाचताच येत नसे. चार ओळी झाल्या की पानात बोट ठेवून ते थांबत, चष्म्यावरून समोर बघत आणि विचारत, "हाय ना ध्यानात? की झोपले सारे?"

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या आमच्या वाचनालयात मी ग्रंथपाल. मामा एसटीतून निवृत्त झालेले. रोज चारच्या सुमारास ते ओसरीवर मोठ्याने वाचत. ज्यांना वाचता येत नाही किंवा आता नीट दिसत नाही, अशी दहा-बारा माणसं ऐकायला जमत. कादंबरीतला नायक रडू लागला की मामा त्याच्यावर खेकसत, "अबे, रडून काय राह्यला? बायको दारात उभी हाय, तिले घरात तं घे!"

"मामा, त्याले आयकू जाईन का तुमचं?" भाजीवाल्या सुभद्राबाई विचारत.

"नाई जावो. तुले तं गेलं ना!"

मी वाशीमहून एसटीने ये-जा करतो. त्या प्रवासात मला पॉडकास्ट ऐकायचा नाद लागला. कुठेही न अडखळणारे ते स्वच्छ आवाज ऐकून मला आमच्या ओसरीची लाज वाटू लागली. हे खरं कारण आज लिहितो आहे. समितीला मी सांगितलं होतं की न दिसणाऱ्या सभासदांसाठी आपणही पॉडकास्ट काढू. मामांना विचारलं तेव्हा ते हरखले. दुसऱ्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आले.

मागच्या खोलीत पंखा बंद करून मी त्यांना मोबाइलसमोर बसवलं. दुसऱ्याच परिच्छेदाला ते थांबले आणि मोबाइललाच काहीतरी समजावू लागले. मी म्हणालो, "मामा, मधे बोलू नका. फक्त वाचा."

"मंग आयकनाऱ्याले समजन कसं, भाऊ?"

"पॉडकास्टवर असंच असतं."

"समोर मानूसच नाई," ते घाम पुसत म्हणाले, "तं कोनाले वाचू?"

तरी त्यांनी वाचलं. मग मी चार दिवस खपून त्यातलं त्यांचं बोलणं, हसणं, खोकला, सगळं कायमचं पुसून टाकलं. अकरा मिनिटं उरली. ती मी ओसरीवर स्पीकरवर लावली. मामा सगळ्यांत पुढे बसले होते. ऐकून झाल्यावर सुभद्राबाई म्हणाल्या, "मामा, तुमी एवढे सायेब कवापासून झाले हो?" सगळे हसले. मामाही हसले, पण जरा उशिराने.

त्यानंतर वाचताना ते मधे थांबले की ओशाळून माझ्याकडे बघत, आणि घाईने पुढची ओळ धरत. ऐकणारी माणसं पांगू लागली. एक दिवस पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून मामा म्हणाले, "आता तुमचं मशीन हाय ना, भाऊ." मी त्यांना थांबवलं नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. पुढे ते आजारी असल्याचं कळलं. त्यांचं घर वाचनालयापासून पाच मिनिटांवर. उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणत मी गेलो नाही, आणि एका सकाळी मामा गेल्याचाच निरोप आला.

तेराव्यानंतर त्यांची मुलगी आली. आसेगावला दिलेली, चाळिशीची. "बाबाचा आवाज हाय म्हनतात तुमच्यापाशी." मी फाईल लावली. उभ्यानेच तिने अकरा मिनिटं ऐकलं.

"मधातलं काई नाई का? हासलेलं, आमाले रागावतात तसं कोनाले बोललेलं?"

"नाही," मी म्हणालो. "तेवढंच रेकॉर्ड झालं."

तिने ती फाईल आपल्या मोबाइलवर घेतली. मोबाइल पिशवीत जपून ठेवला, पायरीपर्यंत गेली आणि परत वळून मला हात जोडले.

"तुमी होते म्हनून एवढं तरी राह्यलं, भाऊ."