तेल घालणारा नवरा

कारखान्यात मी सगळी नोकरी मेंटेनन्सला काढली. बेअरिंग कुरकुरायला लागलं की आधी ग्रीस, मग बाकीची चौकशी. त्यामुळे बायकोची बोटं सकाळी वळेनाशी झाली, तेव्हा माझ्या डोक्याला दुसरं काही सुचलंच नाही.

ती ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. इकडे हिंदी मुलखात, अयोध्या नगरातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन आहे. पण फॉल हातानेच, बारीक टाक्यांनी लावायचा हा तिचा हट्ट. दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजली, सकाळी तासभर कप धरवेना. मी रोज तिळाचं तेल कोमट करून चोळायचो आणि वर ठणकावून सांगायचो, "वापरत राहा. वंगण कमी पडलंय, दुसरं काही नाही."

"अहो, दुखतंय," ती म्हणायची. मी आणखी जोर लावायचो. असे आठ महिने गेले. आठवलं की स्वतःचेच कान उपटावेसे वाटतात.

मग एकदा बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात तिच्या हातून पिशवी सुटली. टोमॅटो लोकांनी गोळा करून दिले. ती नुसती आपल्या हाताकडे बघत उभी होती. दुसऱ्या दिवशी आम्ही सांध्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो.

त्यांनी एक्स-रे पाहिला. "भाईसाहब, तेल की कमी नहीं है. जोड़ के अंदर का अस्तर बिगड़ गया है."

त्यांनी समजावलं, हा संधिवात आहे आणि यात प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. आतलं पातळ अस्तर सुजून जाड होतं आणि त्यातल्या पेशी शेजारची कूर्चा, हाड कुरतडायला लागतात. सांध्याचं वंगण तयार करतं ते हेच अस्तर. मला ते पचायला वेळ लागला. ब्लाउजला अस्तर लावणाऱ्या बाईला मात्र लगेच कळलं.

"तो सिर्फ अस्तर का इलाज नहीं होता?" तिने विचारलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, नेमक्या त्या बिघडलेल्या पेशींनाच गाठायचं संशोधन चालू आहे, पण ते औषध अजून आपल्या हातात आलेलं नाही. आजच्या गोळ्या प्रतिकारशक्तीलाच आवरून धरतात, म्हणून ताप-खोकल्याला जपायचं.

तिने उजव्या हाताचं वाकडं झालेलं मधलं बोट पुढे केलं. "और ये?"

"ये अब सीधी नहीं होगी. बाकी को बचाएंगे. थोड़ा पहले आ जाते तो..."

परत येताना गोविंदपुऱ्याजवळ मी स्कूटर कडेला घेतली. "चुकलो गं," म्हणालो.

"हो, चुकलात," ती म्हणाली. "चला आता, उशीर होतोय."

आता आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी मी तिच्या हातावर ठेवतो. सूज पुष्कळ उतरली आहे. त्या पेशींच्या औषधाची बातमी पेपरात शोधायची मला सवयच लागली आहे. ती मधलं बोट वगळून सुई धरायला शिकली. टाके थोडे मोठे पडतात, ते तिला खुपतं आणि मलाही.

परवा मशीन कुरकुरायला लागलं. तिने तेलाची कुपी माझ्या हातात दिली.

"हे घ्या. याला चालतं."