मुरारचा नोड

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून चहा टाकायला जाणारा माणूस मी. तरी हे लिहितोय, कारण जे झालं ते असंच झालं...

मी ग्वाल्हेरचा. पाटणकर बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. हौस म्हणून एका नेटवर्कचा नोड चालवतो — म्हणजे जगभरच्या हजारो मशीन मिळून जे नेटवर्क चालवतात, त्यातली एक माझी. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला आत्याकडे ठेवलेली. आत्या एकटी राहते, तिकडे लाइट कमी जाते. मशीन जुनी, म्हणून नोडला प्रोसेसरचे दोनच कोर आणि चार जीबी मेमरी अशी लिमिट लावली होती. वर्षभर काही तक्रार नाही.

त्या मंगळवारी सकाळी साडेदहाला दुकानात असताना फोनवर अलर्ट आला — मेमरी फुल, प्रोसेसर शंभर टक्के. मी तिथूनच लॉगिन केलं, लिमिट सहा जीबी केली, नोड रीस्टार्ट केला. दहा मिनिटांत परत तेच. पुन्हा लॉगिन, बाकीच्या मशीनशी असलेली कनेक्शन निम्मी केली... तिसरा अलर्ट! मशीन बंद कर म्हणून सांगायला आत्याला फोन लावला, तिने उचलला नाही. वैतागून स्कूटर काढली.

बेल वाजवली, दार उघडेना. शेजारच्या काकूंकडे दुसरी किल्ली असते, ती घेतली. आत्या बाथरूममध्ये पडलेली.

"केव्हाची आवाज देऊन राहिले रे, कोणी सुनतच नाही!"

"कधी पडलीस?"

"आठ वाजले असतील. चटणी वाटली नि हात धुवायला आले..."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत तशीच राहिली असती तर कठीण होतं.

दुसऱ्या दिवशी तिचे कपडे न्यायला गेलो, तर मशीन बंद. प्लग जमिनीवर, त्या सॉकेटात मिक्सीचा प्लग.

"मीच काढला," आत्या हॉस्पिटलात म्हणाली. "मिक्सी चालवायची होती ना. परत लावणारच होते, तेवढ्यात पडले."

मशीन सुरू करून पाहिली. मशीन स्वतःच्या नोंदी ठेवते त्या लॉगमधली शेवटची नोंद मंगळवारी सकाळी सात बावन्नची. मेमरी तेव्हा तीन जीबीसुद्धा भरली नव्हती. लिमिट चारच. माझं लॉगिन कुठेच नाही.

तिन्ही अलर्ट माझ्या फोनमध्ये अजून आहेत. मित्र म्हणतो, जुने मेसेज उशिरा पोचले असतील. चला, तेही मानतो... पण मी दोनदा पासवर्ड टाकला, आकडे बदलले, आणि समोरून उत्तर येत होतं. ते कोण देत होतं — मला आजही कळलेलं नाही.