डॉक्टर काय म्हणाले

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही. आईला तर नाहीच—आणि सांगायचं होतं ते तिलाच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही तिला ओळखत नव्हता, म्हणून असेल.

साठ सालानंतरची गोष्ट. पुण्याहून मी बंगलोरला आलो, यशवंतपूरजवळच्या एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागलो. वडील गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. माझं लग्न व्हायचं होतं. आम्ही दोघं वरच्या मजल्यावर, खाली घरमालकीणबाई—अक्का. अक्कांचं घराणं मराठी, पण कैक पिढ्या बंगलोरचं. बोलताना कन्नड कधी शिरायचं ते त्यांनाही कळायचं नाही. आईला मात्र मराठीशिवाय काही येत नव्हतं. बाजारात, बसमध्ये, कुठंही—समोरचा काय म्हणतो ते मी सांगायचं आणि तिनं मान डोलवायची.

आई नऊवारी नेसायची. कमरेची गाठ घट्ट, वर्षानुवर्षं एकाच जागी. एकदा वाळत घातलेल्या लुगड्यावर मला रक्ताचा डाग दिसला, धुऊनही न गेलेला. विचारलं तर म्हणाली, "काही नाही रे, गाठ काचते. कमरेचं काय दाखवायचं डॉक्टरला?" मी हट्टानं नेलं.

इथवर मी चांगला मुलगा होतो.

डॉक्टरांनी नर्सला बरोबर घेऊन पडद्याआड तपासलं. बाहेर येऊन मला इंग्रजीत म्हणाले—ही जखम कित्येक महिने भरलेली नाही, कडा टणक झाल्यात. कॅन्सर असेल, नसेलही. छोटा तुकडा काढून तपासायला हवा, याच आठवड्यात. कातडीचा कॅन्सर लवकर सापडला तर कापून काढता येतो, माणूस बरा होतो. थांबू नका.

सगळं समजलं मला. एकेक शब्द.

आई लुगडं सारखं करत आली. "काय म्हणाले रे?"

आणि माझ्या डोक्यात काय होतं? जर्मनी. सहा महिन्यांचं प्रशिक्षण, कारखान्यातून दोघांचीच निवड, निघायला अठरा दिवस. थांबलो तर जागा दुसऱ्याला जाणार—

"विशेष काही नाही," मी म्हणालो. "गाठ सैल बांधायला सांगितलीय. आणि मलम."

डॉक्टर समोरच होते. मी त्यांचंच बोलणं सांगतोय असं समजून त्यांनी मान हलवली. आईनं त्यांना हात जोडले.

मी गेलो. बर्फ पाहिला, यंत्रं पाहिली. कॅन्सर नसेलच, असं रोज स्वतःला बजावत होतो. खात्री होती तर रोज कशाला बजावावं लागत होतं?

परत आलो तेव्हा आई दारात उभी होती, हसत. कमरेवरचे टाके निघूनही दोन महिने झाले होते. तुला तिथं काळजी नको, म्हणून तिनं पत्रात कळवलंच नव्हतं. डाग अक्कांनी पाहिला होता. आईनं दाखवलेल्या त्याच दवाखान्यात त्या तिला घेऊन गेल्या. कॅन्सरच निघाला. पण पसरला नव्हता. पुरता काढता आला. "तू आधी नेलं होतंस म्हणून दवाखाना तरी ठाऊक होता," आई म्हणाली.

संध्याकाळी जिन्यात अक्कांनी मला अडवलं. "स्वल्प थांबा. डॉक्टर रागावले माझ्यावर. मुलाला तेव्हाच सगळं सांगितलं होतं म्हणाले. ते मी तुमच्या आईला कळू दिलं नाही. तुम्हीच सांगायला पाहिजे की."

"सांगतो," मी म्हणालो.

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या. पुन्हा कधी विचारलं नाही त्यांनी.

आई मात्र बदलली. कमरेचं नाव काढायला लाजणारी ती—अक्कांकडून मोडकंतोडकं कन्नड शिकली आणि नळावर, देवळात बायकांना धरून सांगू लागली. गाठीची जागा बदलत जा. भरत नाही ती जखम लपवू नका. महिन्यातून एकदा पाठ, कंबर, तळवे कुणाकडून तरी बघून घ्या. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. फुलवाली मुनियम्मा हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती आईला एकटीला गाठून, पदर बाजूला करून उभी राहिली. आईनंच तिला दवाखान्यात नेलं, शेजारी बसली. तोही कॅन्सर, अगदी सुरुवातीचा. मुनियम्मा बरी झाली. पुढं तिच्या नातवाच्या बारशाला पहिला मान आईचा होता.

त्या बारशात आई सगळ्यांना म्हणाली, "माझ्या मुलाचं लक्ष होतं म्हणून मी वाचले." कन्नडमध्ये म्हणाली, एकही चूक न करता. अक्का तिथंच होत्या. मी पानातलं पुरण चिवडत राहिलो.

आई त्यानंतर एकवीस वर्षं जगली, धडधाकट. माझं लग्न केलं, माझ्या मुली अंगाखांद्यावर वाढवल्या, त्यांच्याही पाठी उन्हात बसवून निरखल्या. गेली ती म्हातारपणानं. एकवीस वर्षं, बहुतेक रोज सकाळी, आम्ही समोरासमोर बसून चहा प्यायलो. तिनं कधी काही विचारलं नाही. मी सांगितलं नाही.